हिशेबात न धरलेली

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

रविवारी सावाना वाचनालयाच्या पायऱ्यांवर तू तणतणलीस, "काका, एवढी जबरदस्त कादंबरी, आणि शेवटी प्रवचन?" आणि त्याच दमात रजिस्टर लग्न, आजीचं रडणं, "तत्त्व म्हणजे तत्त्व" वगैरे. तुला हे दोन विषय वाटले. मला एकच वाटला, म्हणून लिहितोय.

दस्तयेव्स्कीची ती 'क्राइम अँड पनिशमेंट' मी तुझ्याच वयात वाचली. उपसंहारावर पेन्सिलीने 'भंपक' लिहून ठेवलं. आता सत्तरीत परत वाचताना लिझावेतापाशी अडलो. नायक रास्कोल्निकोवचा खुनाचा हिशेब चोख होता: एक सावकारीण म्हातारी जाईल, शंभरांचं भलं होईल. तेवढ्यात तिची सावत्र बहीण, हीच लिझावेता, दारात आली आणि त्याच्या हातून तीही मेली. पुढे तो स्वतःच म्हणतो, नवल आहे, तिची मला आठवणच होत नाही! मलाही चाळीस वर्षं तिची आठवण झाली नव्हती. त्याच्यावर जीव लावणारी सोन्या त्याला बायबलमधली, मेलेल्या लाझरसच्या पुन्हा उठण्याची गोष्ट वाचून दाखवते ना, ते पुस्तक लिझावेताने दिलेलं. सैबेरियात शिक्षा भोगताना त्याच्या उशाखाली असतं तेही तेच. तो ते उघडतसुद्धा नाही. यात प्रवचन कुठे दिसलं तुला? नीट वाच की जरा!

हिशेबात लिझावेता धर, बाई.

१९७९ साली बाबांच्या दहाव्याला मी रामकुंडावर पिंडाला हात लावला नाही. चुलतभावाने सगळं केलं. मी नारोशंकराच्या देवळापाशी हाताची घडी घालून उभा. कावळा शिवेना. घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "शिवला का रे?" मी म्हणालो, "कावळ्यालाच विचार." तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे अकरा वर्षं जगली.

हात लावला नाही त्याचं आजही वाईट वाटत नाही. ज्यावर विश्वास नाही ते लोकांसाठी करणं मला ढोंग वाटायचं, अजून वाटतं. पण त्या एका वाक्याची तत्त्वाला काय गरज होती? नंतर तासभर थांबून शिवला होता कावळा. मला माहीत होतं. सांगितलं नाही.

तेव्हा लग्न कर रजिस्टरच, माघार घेऊ नकोस. घेतलीस तर मीच रागावेन. फक्त आजीला एकदा विचार, नेमकी कशासाठी रडतेस. पत्रिकेसाठी रडत असेल असं धरून चालू नकोस. मी असंच धरून चाललो होतो. हिशेबात लिझावेता धर, परत सांगतो, म्हाताऱ्याची टकळी म्हण हवं तर.

माझी प्रत शनिवारी घेऊन जा. पेन्सिलीचं ते 'भंपक' मी खोडलेलं नाही, तूही खोडू नकोस.

तुझा,
काका