ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर आजही खेळण्यासारखे जुने गेम्स कोणते?

तुमचा प्रश्न साधा होता: आठ जीबी रॅमचा ऑफिसचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर आजही मजा देतील असे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे गेम्स सुचवा. पण शेवटी तुम्ही ‘ते रेल्वेचे कंटाळवाणे गेम्स सोडून’ असं जोडलंत आणि तिथे माझी सटकली. मुंबईत राहून, रोज लोकलला लटकून, रेल्वेचा गेम कंटाळवाणा?

तेव्हा आधी तोच. ओपनटीटीडी. मूळ ट्रान्सपोर्ट टायकून १९९४चा, डिलक्स आवृत्ती १९९५ची. त्यावरून २००४ साली ओपनटीटीडी सुरू झाला, तो मोफत आहे आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालतो. फोनवरही चालतो, पण बोटाखाली एका वेळी दोन रूळ येतात, तो नाद सोडा. पहिल्यांदा उघडल्यावर ओपनजीएफएक्स हा चित्रांचा संच उतरवून घ्या. अक्षरं मुंगीएवढी दिसली तर गेम ऑप्शन्समध्ये इंटरफेसचा आकार दुप्पट करा.

पहिल्या वर्षी लोकल बांधू नका. सुरुवातीलाच एक लाख पौंडांचं कर्ज अंगावर असतं, मर्यादा तीन लाखांची, आणि जवळच्या दोन गावांत माणसं नेऊन हप्तासुद्धा सुटत नाही. कोळशाची खाण आणि वीजकेंद्र जोडा, साठ-ऐंशी टाइलच्या (नकाशावरच्या चौकोनांच्या) अंतरावरचं. गाडीच्या खाणीवरच्या ऑर्डरला ‘फुल लोड’ (डबे भरेपर्यंत थांब) लावा आणि दोन-तीन गाड्या ठेवा, म्हणजे एक गाडी कायम खाणीवर उभी राहते, स्टेशनचं रेटिंग चढं राहतं आणि खाण जास्त माल देते. भाडं दोन स्टेशनांमधल्या आडव्या-उभ्या टाइल मोजून मिळतं. रूळ कितीही वळवून नेले तरी एक पैसा जास्त नाही, उलट उशिराचा कट बसतो.

पैसे जमले की चर्चगेट बांधा. चारच फलाट, आणि त्यावर अख्खी पश्चिम रेल्वे उलटी फिरते. हे ज्याला गेममध्ये जमलं त्याला गेम कळला.

मोजमाप असं. एका टाइलमध्ये दोन डबे मावतात, म्हणजे बारा डब्यांच्या गाडीला सहा टाइलचा फलाट. डबे मोजताना इंजिन धरा. मूळ संचात मुंबईच्या लोकलसारखी तयार गाडी नाही, इंजिनाला डबे जोडावे लागतात. शेवटच्या स्टेशनात गाडी उलटली की इंजिन आपोआप दुसऱ्या टोकाला येतं, त्याची चिंता नको. गाडी फलाटापेक्षा लांब झाली तर प्रवासी चढायला अतोनात वेळ लागतो. पंधरा डब्यांची हौस करायची तर आधी फलाट वाढवा.

फलाटांच्या तोंडाशी येणारा आणि जाणारा असे दोन रूळ, आणि त्यांच्यामध्ये कैचीसारखा सांधा, शक्य तितका फलाटाला चिकटून. आता सिग्नल. नव्वद टक्के लोक इथे ब्लॉक सिग्नल ठोकतात आणि मग गेमला शिव्या घालतात. ब्लॉक सिग्नलला सगळा सांधा म्हणजे एकच तुकडा. एक गाडी आत शिरत असेल तर दुसरी बाहेर पडू शकत नाही, मग फलाट चार असोत की चाळीस. इथे पाथ सिग्नलच हवा. तो गाडीपुरताच रस्ता राखतो, त्यामुळे एक गाडी डावीकडच्या पहिल्या फलाटात येत असताना चौथ्यावरची सुटू शकते.

येणाऱ्या रुळावर सांध्याच्या अलीकडे एक एकेरी पाथ सिग्नल. फलाटाच्या तोंडाशी काहीही लावू नका. तिथे बाहेर जाणाऱ्या दिशेने एकेरी सिग्नल लावला तर आत येणाऱ्या गाडीला मागून तो ओलांडता येत नाही, गाडी बाहेरच ताटकळते आणि खाली ‘गाडी हरवली’ अशी बातमी सरकते. हरवली कसली, तुम्हीच दार लावून घेतलंय! बाहेर जाणाऱ्या रुळावरचा पहिला सिग्नल सांध्यापासून पूर्ण एका गाडीच्या लांबीवर, म्हणजे सहा टाइल सोडून. तो जवळ घेतलात तर पुढे लाल मिळालेली गाडी शेपूट सांध्यात ठेवून उभी राहते आणि मागचं सगळं तुंबतं. सूत्र एकच: जिथे गाडी थांबली तर कुणाची वाट अडणार नाही, तिथेच सिग्नल.

तुंबलं कुठे ते कळत नसेल तर सेटिंग्जमध्ये राखलेले मार्ग दाखवण्याचा पर्याय चालू करा. गाडीने राखलेला रूळ वेगळ्या रंगात दिसतो. अडकलेल्या गाडीच्या खिडकीत ती मोकळ्या मार्गाची वाट बघतेय असं येतं. तिच्यापुढचा रंगीत रूळ कुठल्या गाडीपाशी संपतो ते बघा, गुन्हेगार ती.

आणखी दोन गोष्टी लोक हमखास बिघडवतात. एक, लोकलला ‘फुल लोड’. कोळशाचं शास्त्र इथे लावू नका, गाडी फलाट अडवून बसते. दुसरी, डेपो सांध्यातच बांधणं. गाड्या सर्व्हिसिंगला मध्येच आत वळतात आणि बाहेर पडताना पुन्हा सांधा खातात. डेपो बाहेरच्या रुळावर न्या, नाहीतर ब्रेकडाउन सरळ बंद करा. मला ते बंदच आवडतात, बिघाड झेलायला खरी लोकल आहे. फास्ट गाडीच्या ऑर्डरला ‘नॉन-स्टॉप’ लावायला विसरू नका, नाहीतर ती वाटेतल्या प्रत्येक स्टेशनात थांबते. आणि स्लो-फास्ट एकाच रुळावर असतील तर फास्ट ही स्लोच्या मागेच रांगणार. चार रूळ हवेतच.

बाकीचे पटकन सांगतो. एज ऑफ एम्पायर्स २, १९९९चा. जुन्या सीडीवरून टाकलात तर गवत-पाणी जांभळं-गुलाबी दिसतं, कारण तो २५६ रंगांच्या पॅलेटवर चालतो. सीएनसी-डीड्रॉ या जुन्या गेम्सचं चित्र नीट दाखवणाऱ्या साधनाची डीएलएल आणि सेटिंग्जची फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाका, रंग जागेवर येतात. लॅनवर खेळायचं तर विंडोज फीचर्समध्ये लेगसी कंपोनंट्सखाली डायरेक्टप्ले चालू करा. २०१९ची नवी आवृत्ती सुंदर आहे, पण तुमच्या लॅपटॉपवर मोठ्या लढाईत धापा टाकेल.

जीटीए: व्हाइस सिटी. फ्रेम लिमिटर चालूच ठेवा. तो बंद केला की चित्र गुळगुळीत होतं, पण गाडी रिव्हर्स घेताना नखरे करते, कारण गेमचं गणित फ्रेमच्या वेगाला बांधलेलं आहे. रिमोटच्या हेलिकॉप्टरने इमारतीत चार बॉम्ब ठेवायच्या मिशनला सगळे अशक्य म्हणतात. अशक्य काही नाही. घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावर सुरू होतं, म्हणून आधी पंख्यानेच आतली माणसं निवांत साफ करा, जिने बघून ठेवा, मग बॉम्बला हात लावा. लॅपटॉपला नमपॅड नसेल तर त्यावरची बटणं ऑप्शन्समध्ये आधी बदला, अर्धे लोक तिथेच हरतात.

प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९चा, बारा लेव्हल, साठ मिनिटं. डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम्स चालवणारा प्रोग्राम) वेग चुकला तर कंट्रोल-एफ११ ने कमी, एफ१२ ने जास्त. शेवटच्या लेव्हलला स्वतःच्या सावलीशी लढू नका, तिला लागलेला वार तुम्हालाच लागतो. तलवार म्यान करा.

एक सांगायचं राहिलं. ओपनटीटीडीत पहिली संध्याकाळ वैतागाचीच जाते. बटणांची गर्दी आहे आणि गेम काही शिकवायला बसत नाही. हाणामारी हवी असेल तर व्हाइस सिटीच घ्या, मी रागावणार नाही. आणि हे गेम्स ‘फ्री फुल व्हर्जन’वाल्या भलत्याच साइटवरून उतरवू नका, लॅपटॉपमध्ये काय काय शिरेल सांगता येत नाही.

आता माझ्या चुलतभावासाठी, कारण तो इथे वाचतो. रोज विरार फास्ट पकडणारा हा माणूस आजही छातीठोक सांगतो की स्टेशन तुंबलं तर फलाट वाढवा, आठ करा. अरे दादा, फलाट वाढले की सांध्याचं तोंड लांबतं, प्रत्येक गाडी ते ओलांडायला जास्त वेळ घेते आणि बाहेरची रांग वाढते. एकाच नकाशावर दोन्ही बांध: माझे चार फलाट पाथ सिग्नलवर, तुझे आठ तुझ्या लाडक्या ब्लॉक सिग्नलवर. दोन्हीकडे सारख्या लांबीच्या, सारख्याच गाड्या सोड आणि गेममधलं एक वर्ष चालव, बारा-तेरा मिनिटांचं काम आहे. मग आत येणाऱ्या सिग्नलबाहेर किती गाड्या उभ्या आहेत ते मोज आणि दोन्हींचे स्क्रीनशॉट इथे खाली टाक.