पोच घेतल्याशिवाय निघू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भाऊ नऊ वर्षांचा, तोंडी विचारलं की धडाधड उत्तरं देतो, लिहायला बसला की हात थांबतो. वर्गशिक्षिका मायाळू आहेत. स्वतःहून त्याला दहा मिनिटं जास्त देतात, प्रश्न वाचून दाखवतात. त्यामुळे आता शाळेकडे रीतसर अर्ज केला तर त्यांना काय वाटेल, या विचारात तू महिनाभर तो मसुदा पिशवीत घेऊन फिरते आहेस.

अर्ज दे. बाईंना आधी सांग, त्यांचे आभार मान, पण अर्ज दे.

माझ्या मुलाच्या तिसरीच्या बाईही अशाच होत्या. मुख्याध्यापिकांनी व्हरांड्यात उभ्या-उभ्या मला सांगितलं होतं, ''तुम्ही काळजी करू नका, आम्ही बघतो.'' त्या एका वाक्याच्या भरवशावर मी दोन वर्षं काढली. पाचवीत असताना वर्षाच्या मध्येच बाई शाळा सोडून गेल्या, मुख्याध्यापिका बदलल्या. नव्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, ''असं कुठे लिहिलंय?'' कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सहामाहीचा पेपर घरी आला. वर नाव, खाली तारीख, पट्टीने आखलेला समास. 'प्र. १' लिहून त्याभोवती गोल. त्याच्या खाली खोडून खोडून कागद फाटलेला, आणि पुढचं सगळं पान कोरं. मी चिडूनच विचारलं, ''काहीच का नाही लिहिलंस?'' तो म्हणाला, ''बाई वाचून दाखवतील म्हणून थांबलो होतो.''

पूर्ण वेळ थांबला होता गं तो. त्यात दोष त्याचा नव्हता, नव्या बाईंचाही नव्हता. मी मागितलं होतं ते तोंडी, आणि तोंडी मागितलेलं माणसाबरोबर निघून जातं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगत सुटते: लेखी माग.

हा माझा हट्ट वाटत असेल तर कायदे काढून बघ. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अशा मुलासाठी स्वतंत्र लेखी शिक्षण-आराखडा बंधनकारक झाला. तिथे मूल्यमापनासाठीचे, म्हणजे मुलाची अडचण नेमकी काय हे तपासायचे, ६० दिवस पालकांची संमती हातात पडल्यापासून मोजतात. राज्याने वेगळी मुदत ठरवली असेल तर ती. इंग्लंडमध्ये मूल्यमापनाची मागणी पोहोचली की ते करायचं की नाही हे ६ आठवड्यांत सांगावं लागतं आणि आराखडा व्हायचा असेल तर सगळी प्रक्रिया २० आठवड्यांत संपवायची असते. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे समज असूनही वाचता-लिहिताना येणारी अशी अडचण, लवकर ओळखण्याची जबाबदारी शाळांवर आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (मुलाने सांगितलेली उत्तरं लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, ही नावं त्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे तू मागते आहेस ते कुणाची मेहेरबानी नाही. मात्र दिवस मोजायचे तर सुरुवातीची तारीख लागते, आणि व्हरांड्यातल्या बोलण्याला तारीख नसते.

तुझी आई 'शिक्का बसेल' म्हणून घाबरते, असं तू लिहिलंस. तिला त्याची प्रगतिपुस्तकं काढून दाखव. तीन वर्षं ओळीने 'प्रयत्न कमी पडतात', 'लक्ष देत नाही' असे शेरे असतील. माझ्या मुलाच्या पुस्तकात होते. शिक्का बसलेलाच होता, तोही शाईने, शाळेच्या सहीने. सगळ्या प्रकरणात तोंडी होती ती फक्त माझी विनंती. आईला हे समजावायला वेळ दे, तिच्यावर ओरडू नकोस. अर्जावर सही आई-वडिलांचीच लागेल, तुझी चालणार नाही.

आता मसुद्याबद्दल. 'मुलाला अभ्यासात अडचणी येतात, तरी सहकार्य करावे' यावर शाळा 'करू' म्हणेल आणि विषय संपेल. तुला काय दिसलं ते लिही. फळ्यावरच्या चार ओळी उतरवायला त्याला किती मिनिटं लागली, कोणत्या दिवशी. तोच धडा तोंडी विचारल्यावर किती उत्तरं बरोबर आली, लिहून किती. असं आठवडाभर वहीत टिपून ठेव, रोज दोन ओळी पुरतात. मग नेमकं माग: त्याचं रीतसर मूल्यमापन व्हावं, आणि तोवर आत्ता मिळते आहे ती मदत चालू राहावी. उत्तर कधीपर्यंत हवं तेही लिही. दोन प्रती ने. एक द्यायची, दुसरीवर तारीख, सही आणि शिक्क्यासह पोच घ्यायची. ''ठेवून जा, मॅडम आल्या की देते'' असं कार्यालयातून सांगतील. थांब तिथेच. ई-मेल करणार असलीस तर उत्तर येईपर्यंत मागे लाग.

बैठक झाली की त्याच रात्री शाळेला चार ओळी पाठव: आज आपलं असं असं ठरलं, काही चुकलं असेल तर कळवा. आणि आराखडा हातात आला की त्यातले 'गरजेनुसार', 'शक्य तेव्हा' हे शब्द शोध. ते मी बदलून घेतल्याशिवाय सही केली नाही. कोण शिकवणार, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, पुन्हा आढावा कधी, हे आकड्यांत असलं पाहिजे. 'गरजेनुसार' म्हणजे कुणाच्या गरजेनुसार? मुलाची गरज तर रोजची आहे.

मला त्या शाळेत भांडखोर बाई म्हणायचे. एक शिक्षिका समोरून आल्या की वहीत बघायच्या. तू विचारलंस, याचं वाईट वाटलं का. वाटलं. रात्री झोप लागायची नाही. पण आवाज मी एकदाही चढवला नाही, कुणाचा अपमान केला नाही, फक्त प्रत्येक वेळी कागद नेला. सातवीत त्याला लेखनिक मिळाला तेव्हा त्याच शिक्षिका म्हणाल्या, ''तुमच्या फाइलमुळे मला वर भांडता आलं.'' हे मी माझी बाजू खरी ठरवायला सांगत असेन, असू दे. तुझ्या बाईंनाही असा कागद हवा असेल, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. आज त्या जादा देतात ती दहा मिनिटं कुणाच्या परवानगीने? उद्या कुणी त्यांना जाब विचारला तर त्या काय दाखवतील?

तेव्हा त्यांना दुखावण्याची भीती आता पुरे. महिना गेला, परीक्षा तोंडावर आली, आणि तू मला तिसऱ्यांदा तेच विचारते आहेस. रागावू नकोस. माझी दोन वर्षं अशाच भिडेत गेली, म्हणून जीव तुटतो.

मसुद्यातल्या दुसऱ्या परिच्छेदातलं 'शक्य असल्यास' काढ. वर तारीख घालायची राहिली आहे, ती सोमवारची घाल. आईची सही रविवारी घे. पोच मिळाली की त्याचा फोटो मला पाठव.

तुझी,
काकू