धरणाच्या पाण्यामुळे खरंच भूकंप होतो का?

होतो. म्हणजे जमिनीत आधीच दबा धरून बसलेला भूकंप पाण्यामुळे लवकर बाहेर पडतो. हे कळलं कसं आणि त्यात इंजिनिअरांचा वाटा किती, असं तुम्ही विचारलंय. मी पाटण तालुक्यातला, त्यात सिव्हिलवाला, तेव्हा उत्तरात कोयनाच येणार.

फळीवरची भांडी वाजली की आमची आजी भाकरी थापता थापताच 'आला बघ' म्हणायची. १९६२च्या सुमारास धरणात पाणी साठायला लागलं आणि हे बारीक धक्के सुरू झाले. तोवर दख्खनचं पठार म्हणजे अढळ, असाच समज होता. मग ११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर कोसळलं, सुमारे १८० माणसं गेली. धरण टिकलं, पण जिथे भिंतीचा खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तिथे आडव्या भेगा पडल्या. पुढे काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केलं.

इंजिनिअरांची पहिली कमाई म्हणजे धरणाच्या गॅलरीत, म्हणजे भिंतीच्या आतल्या बोगद्यात, बसवून ठेवलेलं त्वरणमापक, म्हणजे हादरा किती जोराचा आहे ते नोंदवणारं यंत्र. डिझाइनमध्ये भूकंपाचा जोर ०.०५ जी धरला होता (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाइतका). त्या पहाटे यंत्राने ०.६३ जी नोंदवला! धरणांच्या डिझाइनच्या पद्धती पारखायला ती नोंद आजही जगभर वापरतात.

दुसरी कमाई दिसायला अगदीच रटाळ: पाणीपातळीची रोजची नोंद. ती भूकंपांच्या नोंदींशेजारी ठेवल्यावर भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की नुसतं किती पाणी साठलं एवढ्यावर भागत नाही. ते किती वेगाने चढलं आणि किती दिवस टिकलं, हेही बघावं लागतं. मोठे धक्के आले ते पातळी आठवड्याला १२ मीटरच्या आसपास चढल्यानंतर. अर्थात दर वेळी तशी चढली म्हणजे मोठा धक्का येतोच, असंही नाही.

पाणी भेगांत वंगणासारखं काम करतं, असं सर्रास सांगतात. ते अर्धवट आहे. गरम पाण्याने धुतलेला काचेचा पेला ओल्या ओट्यावर पालथा ठेवा, आपोआप सरकतो. आतली हवा तापून फुगते, पेल्याला किंचित वर उचलते आणि ओट्यावरची पकड सुटते. खडकातल्या भेगेतही तसंच: मुरलेल्या पाण्याचा दाब भेगेच्या दोन्ही भिंती एकमेकींपासून ढकलतो आणि आधीच ताणलेला खडक सरकतो. वरून सुमारे २८० कोटी टन पाण्याचं ओझं असतं ते वेगळंच.

मला सगळ्यात पटणारा पुरावा वारणेचा. १९८५ला वारणा धरण भरायला लागलं आणि पुढच्या वर्षांत भूकंपही दक्षिणेकडे, तिकडे सरकले. आता तर हे भूकंप अभ्यासायला गोठणे इथे ३ किलोमीटर खोल बोअर घेऊन झालाय (२०१७). त्यात सव्वा किलोमीटर काळा बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे बेसॉल्टच्याही आधीचा जुना कठीण खडक.

'मग धरण रिकामं करून टाका' असं म्हणणारे दर दोन-चार वर्षांनी भेटतात. गंमत अशी, की धक्क्यांचा एक भर पावसाळ्यात धरण भरतं तेव्हा असतो आणि दुसरा पाणी उतरायला लागल्यावर. ६७चा भूकंप डिसेंबरातलाच.