यूपीएससीची मुलाखत दहा दिवसांवर आली आहे आणि भीतीने बोलताच येत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की मुख्य परीक्षा मराठीतून दिली, मुलाखतही मराठीतूनच आहे, पण मॉकला, म्हणजे सरावाच्या मुलाखतीला, बसलं की घशाला कोरड पडते, हात गार पडतात, आवाज कापतो आणि येत असलेलं उत्तरही आठवत नाही. ही भीती घालवायची कशी, असं विचारलंय.

माझं मत ऐकाल तर दहा दिवसांत ती घालवायच्या मागे लागू नका. भीती असतानाही नीट बोलता येतं आणि सराव त्याचाच करायला हवा. मी स्वतः मराठीतून ही मुलाखत दिली आहे आणि आता दर हिवाळ्यात पुण्यात तयारी करणाऱ्या मुलामुलींसमोर प्रश्न विचारायला बसते. आत जाताना अजिबात भीती वाटली नाही असं सांगणारं फारसं कुणी मला भेटलेलं नाही. उत्तम गुण मिळवलेल्यांचंही तेच.

जे होतंय ते शरीराचं साधं काम आहे. धोका वाटला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात आणि लाळ कमी झाल्याने तोंड सुकतं. हे विचार करून थांबत नाही, पण श्वासाने बरंच आवरतं. चार मोजत श्वास घ्या आणि सहा-आठ मोजत सावकाश सोडा. सोडणं लांबलं की हृदयाची गती उतरते. हे आत्तापासून रोज करा, मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही.

दुसरं, तुमचा कापरा आवाज तुम्हाला जेवढा ऐकू येतो तेवढा समोरच्यांना येत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली भाषण करणाऱ्यांवर प्रयोग केला होता. आपली घबराट वाटते तितकी बाहेर दिसत नाही, एवढंच ज्यांना आधी समजावून सांगितलं, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. ऐकणाऱ्यांचंही तेच म्हणणं पडलं. तुमच्या मॉकचं रेकॉर्डिंग असेल तर एकदा बघा. पहिल्या मिनिटानंतर थरथर शोधावी लागेल.

आता मराठी माध्यमाबद्दल, कारण तुमच्या भीतीचं मूळ मला तिथेच दिसतं. मुलाखत घेणाऱ्या बोर्डात अध्यक्ष धरून साधारण पाच जण असतात आणि तुमच्यासाठी एक दुभाषी बसतो. हा दुभाषी अडचण नाही, मोठी सोय आहे. इंग्रजी किंवा हिंदी प्रश्न तुम्हाला बहुधा आधीच कळलेला असतो, तरी तो मराठीत सांगितला जाईपर्यंत विचार करायला काही क्षण हाती येतात. उत्तर मात्र तुकड्यातुकड्याने द्यायची सवय हवी. दोन-तीन वाक्यं बोलायची, थांबायचं, भाषांतर होऊ द्यायचं, मग पुढे. एका दमात मिनिटभर बोललात तर निम्मं बोर्डापर्यंत पोहोचत नाही. एखादा पारिभाषिक शब्द चुकीचा गेला तर नम्रपणे, 'सर, मला अमुक म्हणायचं होतं' असं जरूर सांगा. या दहा दिवसांत एखाद्या मित्राला दुभाषी करून समोर बसवा. एवढ्या एका सरावाने आवाज स्थिरावलेली मुलं मी पाहिली आहेत, कारण थांबत थांबत बोललं की श्वास आपोआप पुरतो.

'क्षमा असावी सर, याची मला माहिती नाही' हे वाक्य मोठ्याने म्हणून तयार ठेवा. न येणारा प्रश्न आला की खरी गाळण तिथे उडते आणि पुढची दोन सोपी उत्तरंही वाहून जातात. मुलाखत ही उलटतपासणी नसून सहज पण हेतू असलेलं संभाषण आहे, असं आयोगाच्या अधिसूचनेतच म्हटलेलं असतं. बोर्डाला तुमचे लेखी गुण माहीत नसतात. एकूण २०२५ गुणांपैकी लेखीच्या १७५० गुणांचा निकाल लागून गेला आहे, आत फक्त २७५ गुणांचं काम उरलंय.

मुलाखतीपेक्षा तिथलं थांबणं जास्त अंगावर येतं, याची कल्पना असू द्या. सकाळच्या सत्राला नऊला हजर व्हायचं, मोबाइल जमा करायचा, कागदपत्रं तपासून घ्यायची आणि मग आपल्या बोर्डाच्या इतर उमेदवारांबरोबर टेबलाशी बसून राहायचं. कोणतं बोर्ड ते तिथेच कळतं. नंबर शेवटचा आला तर दोन-तीन तास जातात. उपाशी जाऊ नका आणि चहावर चहा घेऊ नका, धडधड वाढते. शेजारच्याशी गावाबद्दल, प्रवासाबद्दल गप्पा मारा. चालू घडामोडींचा विषय निघाला तर सरळ उठून पाणी प्यायला जा.

शेवटच्या चार दिवसांत मॉक नकोत, हे मी आग्रहाने सांगते. एक पॅनेल म्हणतं हसत राहा, दुसरं म्हणतं गंभीर दिसा, आणि जाणाऱ्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो. घरच्यांनाही प्रेमाने सांगून ठेवा की संध्याकाळी मीच फोन करेन. पूर्ण गावाची आशा पाठीवर घेऊन त्या खोलीत जाणं किती जड असतं ते मला ठाऊक आहे. ती आशा खरी आहे, पण त्या अर्ध्या तासात तिचं ओझं तुम्ही वाहावं असं गावातल्या कुणालाही वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी. झोप अजिबात लागत नसेल, उलट्या होत असतील, श्वास कोंडून आता मरतो की काय असं वाटत असेल, तर आजच मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. मित्राने सुचवलेली धडधड कमी करणारी गोळी परस्पर घेऊ नका. दमा असणाऱ्याला ती धोक्याची ठरू शकते.

तुमचा जिल्हा, पदवीचा विषय आणि डीएएफमधला, म्हणजे यूपीएससीला भरून दिलेल्या सविस्तर अर्जातला, छंद कळवलात तर मी त्यावर काही प्रश्न काढून पाठवते. त्यांची उत्तरं लिहू नका, दुभाषी मित्राला समोर बसवून बोला.