टोकियोतलं भारी हॉटेल कधी घ्यावं?

पहिल्यांदाच जपानला जाताय, तर महागडं हॉटेल शेवटच्या दोन रात्रींसाठी ठेवा. आधीचे दिवस भटकण्यातच जातात, खोलीचे पैसे वाया. टोकियोतल्या शिंजुकू भागात वरच्या मजल्यावरची पश्चिमेकडची खोली मागा. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की फुजी पर्वत दिसतो, आणि तो बघावाच!

क्योटोला निघताना मोठ्या बॅगा हॉटेलमधूनच कुरिअरने पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी-रुंदी-उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वरच्या बॅगेसाठी खास सीट आरक्षित करावी लागते. नुसतं टोकियो-क्योटो जाऊन-येऊन असेल तर सात दिवसांचा रेल्वे पास नको. 2023च्या दरवाढीनंतर तो परवडत नाही.

टिप द्यायची पद्धत नाही. शाकाहारी असाल तर मासळीचा ‘दाशी’ (सूप-रश्शाचं मूळ पाणी)ही चालत नाही, हे बुकिंग करतानाच लिहून कळवा.