चेसिस घ्यायची, पण माल कोणता?

(निफाड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा 21 वर्षांचा, आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स पूर्ण, कारचं लायसन्स आहे. त्याला केबिनसकट चेसिस, म्हणजे इंजिन आणि चाकं असलेला पण मागची बॉडी नसलेला ट्रकचा सांगाडा घेऊन त्यावर मनासारखी बॉडी बांधायची आहे आणि टोमॅटो-कांद्याची भाडी मारायची आहेत. वडील म्हणतात, आधी डिप्लोमा कर. जमीन तारण ठेवून गाडी घेऊन द्यावी का, असं त्या विचारतात.)

ताई,

जमीन तारण ठेवू नका. हे आधी लिहिलं, कारण पत्र वाचताना तीच काळजी सगळ्यात जास्त जाणवली. गाडीचं कर्ज गाडीवरच मिळतं. व्यवसायासाठी मुद्रा योजनेतून विनातारण 10 लाखांपर्यंतचं कर्ज आहे, त्यासाठीही बँकेत विचारा.

आता तुमच्या मुलाबद्दल. तयार गाडी न घेता चेसिस घेऊन बॉडी बांधायची, हा त्याचा विचार मला आवडला. आपण नेमकं कोणतं काम करणार, याचा विचार केल्याशिवाय माणूस त्या वाटेला जात नाही. पण तुमच्या पत्रात चार कंपन्यांची नावं आहेत, मॉडेल आहेत, हॉर्सपॉवर आहे. माल कुठून उचलणार, कुठे उतरवणार आणि परत येताना गाडीत काय असणार, ते मात्र कुठेच नाही. निवड तिथून सुरू होते. आधी माल, मग रस्ता, मग बॉडी आणि शेवटी चेसिस.

समजा तो पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या बाजारात टोमॅटो नेणार. एका बाजूने साधारण दोनशे किलोमीटर, मधे कसारा घाट, आणि माल उचलायला शेताच्या बांधापर्यंत जायचं. म्हणजे वळायला फार जागा न लागणारी, आखूड व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी असलेली गाडी हवी, आणि घाट उतरताना नुसत्या पायातल्या ब्रेकवर भार पडू नये म्हणून एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक हवा. बॉडी उंच फाळक्याची, वारा खेळेल अशी. कांद्याला तर वारा लागतोच, बंद डब्यात तो घामेजतो. उद्या द्राक्षांचे रिकामे खोके वाहायचे ठरले तर गणित उलटं होतं: वजन काहीच नाही, जागा मात्र भरपूर लागते.

वजनाचा हिशेब मुलाला कागदावर करायला सांगा. गाडीचं मालासकट एकूण मंजूर वजन 7,500 किलो, चेसिस 2,600 किलो आणि बॉडी 900 किलो धरली, तर मालाला 4,000 किलो उरतात. टोमॅटोचा भरलेला एक क्रेट 22 किलोचा धरला तर साधारण 181 क्रेट. तीच बॉडी हौसेखातर जाड पत्रा लावून 1,200 किलोची केली, तर 168 क्रेट. दर फेरीला तेरा क्रेटचं भाडं बॉडीच खाणार, आणि तेही गाडी चालेल तितकी वर्षं. जास्त भरून ते वसूल करायला गेला, तर 2019 पासून ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. म्हणून चेसिस बॉडी बांधायला देण्याआधी वजनकाट्यावर नेऊ द्या, बॉडी झाल्यावर पुन्हा न्या. दोन्ही पावत्या जपून ठेवा.

7,500 हा आकडा मी मुद्दाम घेतला. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर एवढ्या एकूण वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. त्यामुळे आहे त्या लायसन्सवर त्याला सुरुवात करता येईल. परमिट मात्र काढावं लागेल. 3,000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना ते लागत नाही.

काउल, म्हणजे बिनकेबिनची चेसिस, स्वस्त पडते म्हणून कुणी गळ घातली तरी घेऊ देऊ नका. अपघातात तुमचा मुलगा त्या केबिनमध्ये असणार आहे. ती कंपनीचीच, चाचणी झालेली असावी. बॉडी बांधतानाही चेसिसच्या लांब पट्ट्यांना मनाला येईल तिथे भोकं पाडू देऊ नयेत, वेल्डिंग करू देऊ नये. मेकॅनिक असल्याने का ते त्याला कळेल. मागच्या चाकांच्या मागे लोंबणारा भाग व्हीलबेसच्या 60 टक्क्यांहून जास्त चालत नाही, आरटीओच्या पासिंगला अडतं.

पैशाच्या दोन गोष्टी शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. गाडी बॉडीवाल्याकडे उभी असते तेव्हाही हप्ता सुरू झालेला असू शकतो. पहिला हप्ता कधी, ते बँकेकडून लिहून घ्या. आणि विम्यात बॉडीची किंमत धरली आहे का, ते पाहा. नाहीतर गाडी गेली तर भरपाई नुसत्या चेसिसची.

वडिलांचंही म्हणणं चुकीचं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ती वाट पुढच्या वर्षीही राहील. पण या मुलाचं मन आता वर्गात लागेल असं मला वाटत नाही, आणि त्याला जबरदस्तीने बसवू नये. मधला मार्ग आहे. यंदाचा टोमॅटोचा हंगाम त्याने दुसऱ्याच्या गाडीवर काढावा, चालक म्हणून, नाहीतर सोबतीला. जमलं तर एखाद्या बॉडी बिल्डरकडे काही महिने हात काळे करावेत. गाड्या बांधणं हीसुद्धा त्याच्या शिक्षणाला जुळणारी पोटापाण्याची वाट आहे, आणि त्याने तिचा विचार केलेला दिसत नाही.

हंगामभर त्याला एक वही ठेवायला सांगा. प्रत्येक फेरीचं भाडं, डिझेल, टोल, हमाली, वाशीत गाडी किती तास उभी राहिली आणि परतीला काय मिळालं, सगळं त्यात यावं. दिवाळीनंतर ती वही घेऊन तुम्ही तिघं माझ्याकडे या. परतीच्या भाड्याचा रकाना निम्म्याहून जास्त भरलेला असेल, तर कोणती चेसिस घ्यायची ते आपण त्याच दिवशी ठरवू.