प्राचार्यपदाची वाट आणि पदवीची निवड

शैक्षणिक नेतृत्व आणि उच्च शिक्षणाचं प्रशासन या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का, कुठलं घ्यावं आणि नोकरीत त्याचा नेमका उपयोग काय, अशी विचारणा पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोवाभरच्या वाचकांनी केली आहे. बहुतेक पत्रांत पदवी आधी ठरलेली दिसते आणि पदाचा विचार नंतर. आमचा आग्रह उलट क्रमाचा आहे. ज्या पदावर जायचं आहे त्याची एखादी जुनी जाहिरात मिळवा, तिच्यातली पात्रता ओळ न् ओळ वाचा आणि मगच अभ्यासक्रमाचं नाव काढा.

प्रश्न : फोंडा तालुक्यातल्या अनुदानित हायर सेकंडरीत मी शिकवते. एमएस्सी, बीएड झालं आहे, नोकरीला नऊ वर्षं झाली. पुढे प्राचार्य व्हायचं आहे. एमएड करू, एमए एज्युकेशन करू, की व्यवस्थापनाचा डिप्लोमा पुरेल?

एमएड ही राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांखालची व्यावसायिक पदवी आहे. दोन वर्षं, चार सत्रं, प्रवेशाला बीएडमध्ये किमान ५० टक्के, आणि वर्गात हजेरी सक्तीची. ती प्रामुख्याने बीएड महाविद्यालयात शिकवू पाहणाऱ्यांसाठी आहे. नोकरीत राहून ती करायची म्हणजे रजा आली. बिनपगारी रजेचा वेतनवाढीवर आणि ज्येष्ठतेवर काय परिणाम होतो, हे संस्थेकडून आधी लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर प्रवेश घेऊ नका.

एमए एज्युकेशन ही शिक्षणशास्त्राची शैक्षणिक पदवी. इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून ती नोकरी सांभाळून करता येते आणि तिच्यात उच्च शिक्षण, शैक्षणिक व्यवस्थापन अशा शाखा निवडता येतात. मात्र ती एमएड नव्हे. जाहिरातीत एमएड मागितलं असताना एमए एज्युकेशनवर अर्ज केला की तो छाननीतच बाजूला पडतो, आणि हे अनेकांना मुलाखतीचं पत्र आलं नाही की कळतं.

गोव्यातल्या मान्यताप्राप्त शाळांतल्या नेमणुका १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आणि त्याखालचे १९८६ चे नियम यांना धरून होतात. तुमची पदव्युत्तर पदवी, बीएड आणि अध्यापनाचा अनुभव हेच तुमचं मुख्य भांडवल आहे. कुठलाही डिप्लोमा तुम्हाला ज्येष्ठतेच्या यादीत वर उचलून ठेवणार नाही. तरीही आम्ही तुम्हाला डिप्लोमाच सुचवू, कारण प्राचार्याच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून सेवापुस्तकं, अनुदानाचे हिशेब, आरक्षणाचं रोस्टर, पालकांच्या तक्रारी येतात आणि विज्ञान शिकवताना यातलं काही हाताखालून गेलेलं नसतं. इग्नूचा शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासन या विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. दिल्लीच्या नीपा या संस्थेचा शालेय नेतृत्वावरचा ऑनलाइन डिप्लोमाही शाळाप्रमुखांना डोळ्यांसमोर ठेवून बांधलेला आहे.

वेळेचा हिशेब आधी मांडा. इग्नूमध्ये एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा एक पेपर म्हणजे १२० तास; रोज एक तास दिला तरी चार महिने. लोक अडकतात ते परीक्षेत कमी आणि असाइनमेंटमध्ये जास्त. त्या मुदतीत गेल्या नाहीत, तर परीक्षा चांगली देऊनही निकाल अपुरा राहतो. जमा केल्याची पावती निकाल हाती येईपर्यंत जपा.

प्रश्न : म्हापशाजवळच्या महाविद्यालयात मी मराठीचा सहयोगी प्राध्यापक आहे. पीएचडी मराठीतच झाली. प्राचार्यपदासाठी उच्च शिक्षण प्रशासनात वेगळी पदवी लागेल का?

लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयाच्या प्राचार्यासाठी पीएचडी, अध्यापन किंवा संशोधनाचा मिळून किमान १५ वर्षांचा अनुभव असलेला प्राध्यापक वा सहयोगी प्राध्यापक, किमान १० शोधनिबंध आणि किमान ११० संशोधन गुण अशी अट आहे. नेमणूक पाच वर्षांची. मूल्यमापनानंतर आणखी एक पाच वर्षांची मुदत मिळू शकते. पीएचडी प्रशासनातलीच हवी, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

अडचण ११० च्या आकड्यात असते, म्हणून तो फोडून सांगतो. भाषा, मानव्य, समाजशास्त्रं, वाणिज्य आणि शिक्षणशास्त्र या शाखांत एका शोधनिबंधाला १० गुण, विज्ञानशाखांत ८. म्हणजे तुमचे दहा निबंध एकट्याचे असले तरी मूळ गुण १०० च होतात. सहलेखक एकच असेल तर दोघांना प्रत्येकी ७० टक्के; दहाही निबंध असे असले तर हाती ७०. तिघे किंवा अधिक लेखक असतील, तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. नियतकालिकाच्या प्रभाव गुणांकाप्रमाणे (त्यातले निबंध सरासरी किती उद्धृत होतात, त्याचा आकडा) वाढीव गुण आहेत, पण मराठीतल्या निबंधांना त्याचा आधार क्वचितच मिळतो.

दुसरी अट वाचायची राहून जाते. नियमावलीत संशोधन गुणांचे सहा गट आहेत आणि हे गुण त्यांपैकी किमान तीन गटांतून यावे लागतात. नुसत्या निबंधांवर १३० केले तरी भागत नाही. तुमच्यासाठी सरळ मार्ग म्हणजे राष्ट्रीय प्रकाशकाकडचं पुस्तक (१० गुण), संपादित ग्रंथातलं प्रकरण (५) आणि पीएचडीचं मार्गदर्शन (पदवी मिळाल्यावर विद्यार्थ्यामागे १०, प्रबंध सादर झाला असेल तर ५). व्याख्यानं आणि परिसंवादांतले निबंध यांच्यावर विसंबू नका. धोरणविषयक दस्तऐवज आणि व्याख्यानं मिळून एकूण गुणांच्या ३० टक्क्यांपलीकडे धरली जात नाहीत.

यूजीसीने २०२५ मध्ये केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केली. तुमचे जुने निबंध छापले गेले तेव्हा ते नियतकालिक यादीत होतं, याचा त्या तारखेचा पुरावा आजच काढून फाइलमध्ये लावा. नियमावल्या बदलत असतात. अर्ज करताना जाहिरातीत कुठली लावली आहे ते पाहा आणि गुण तिच्याप्रमाणे नव्याने मांडा.

प्रशासन शिकायचंच असेल, आणि शिकावंच असं आम्हाला वाटतं, तर महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात दोन-तीन वर्षं मनापासून काम करा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी सहावा प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा आहे. वार्षिक अहवालातला तो भाग स्वतः लिहिला की संस्था कुठे गळते ते दिसतं: समितीचं इतिवृत्त आहे पण पुढची कार्यवाही नाही, अभिप्राय घेतला पण त्यावर निर्णय नाही.

प्रश्न : विद्यापीठाच्या कार्यालयात कर्मचारी आहे. एमकॉमला ५२ टक्के. सहायक कुलसचिव होता येईल का?

थेट भरतीत सहायक कुलसचिवाला पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के लागतात. तुमचं गाडं तिथेच अडतं. दुसरी पदव्युत्तर पदवी ५५ च्या वर टक्के घेऊन करणं हा उपाय आहे, आणि मग ती शैक्षणिक व्यवस्थापनाची शाखा असलेली एमए एज्युकेशन का असू नये? उपकुलसचिवासाठी सहायक कुलसचिव म्हणून पाच वर्षं हा एक रस्ता आहे. कुलसचिवासाठी १५ वर्षांचा प्रशासकीय अनुभव, त्यातली आठ उपकुलसचिव वा समकक्ष पदावर. बढतीचे नियम वेगळे असतात, ते आस्थापना विभागात बघा.

प्रश्न : मी डिचोलीचा, एमएड करतोय. लघुप्रबंधाचा विषय ‘मुख्याध्यापकांची नेतृत्वशैली आणि शिक्षकांचं कार्यसमाधान’. इंटरनेटवरची तयार प्रश्नावली वापरू का? शिक्षक किती घेऊ?

हा विषय दरवर्षी कुठे ना कुठे घेतला जातो आणि बहुधा एकाच रीतीने फसतो, म्हणून थोडं सविस्तर.

प्रश्नावलीपासून सुरुवात करू. बास आणि अव्होलियो यांची नेतृत्वाची ४५ विधानांची प्रश्नावली सगळीकडे दिसते, पण ती परवाना घेऊन वापरायची असते. शाळेपुरतं पाहायचं तर फिलिप हॅलिंजर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेलं, मुख्याध्यापकाच्या अध्यापनविषयक नेतृत्वाचं साधन जास्त जवळचं आहे: दहा गट, प्रत्येकात पाच विधानं. तिथेही परवानगी घ्या आणि ते पत्र परिशिष्टात जोडा. परवानगीशिवायचं साधन तोंडी परीक्षेत अडवलं जातं, पुढे निबंध छापताना तर नक्कीच.

आपल्या शिक्षकखोलीत मराठी, कोकणी, इंग्रजी तिन्ही चालतात. भाषांतर दोघांनी स्वतंत्र करावं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यावं आणि फरक पडलेली विधानं पुन्हा घडवावीत. मग मुख्य नमुन्यात नसलेल्या तीसेक शिक्षकांवर चाचणी घ्या. विश्वसनीयतेचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७० च्या खाली आला, तर नमुना वाढवून तो सुधारेल अशी आशा धरू नका. विधानंच पुन्हा तपासा.

आता संख्या. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात ६०० जणांच्या समूहाला २३४ चा नमुना सांगितला आहे, आणि विद्यार्थी तो आकडा गाठायला आठ शाळांतून तीस-तीस शिक्षक भरतात. चूक इथे होते. एका शाळेतले शिक्षक एकाच मुख्याध्यापकाबद्दल बोलतात, त्यांची उत्तरं एकमेकांसारखी असतात. तुम्हाला मुख्याध्यापकांविषयी काही म्हणायचं आहे, तर खरा नमुना मुख्याध्यापकांचा. तीस शाळा आणि प्रत्येकी आठ शिक्षक घ्या. बेरीज तेवढीच, २४०, पण अभ्यास कितीतरी भक्कम. शाळावार सरासरी काढून शाळा हेच एकक धरा.

एकाच शिक्षकाने मुख्याध्यापकाला गुण दिले आणि स्वतःचं समाधानही त्याच बैठकीत नोंदवलं, की दोन्हींतला संबंध फुगून दिसतो. त्या दिवशीचा त्याचा राग-लोभ दोन्हीकडे उतरतो. आठातल्या चौघांना नेतृत्वाची आणि उरलेल्या चौघांना समाधानाची प्रश्नावली द्या. कोणाला कुठली, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. मुख्याध्यापकांचं स्वतःविषयीचं मत घेतलंत तर ते वेगळं मांडा. ते बहुधा वरच्या बाजूलाच झुकतं. संबंध सापडला तरी ‘या शैलीमुळे समाधान वाढतं’ असं लिहू नका. समाधानी शिक्षकांची शाळा चालवणं सोपं असतं, म्हणूनही तिथला मुख्याध्यापक चांगला दिसू शकतो.

सगळ्यात मोठी काळजी गुप्ततेची. गोवा लहान आहे. ‘पेडणे तालुक्यातलं शासकीय महाविद्यालय’ एवढं लिहिलं की नाव लिहायची गरजच उरत नाही. तालुका, माध्यम, व्यवस्थापन आणि मुख्याध्यापक पुरुष की स्त्री हे चारही रकाने एका तक्त्यात आले, तर माणूस ओळखला जातो. ज्या रकान्यात पाचांपेक्षा कमी जण येतात तो दुसऱ्यात मिसळा. गूगल फॉर्म असेल तर ईमेल गोळा करणं बंद करा. कागदी असेल तर प्रत्येकाला चिकटवायचं पाकीट द्या. भरलेल्या प्रश्नावल्या मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जमा होऊ दिल्यात, तर त्याच दिवशी तुमचा अभ्यास संपला.

पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाकडे परवानगीचा अर्ज विषय मंजूर झाल्याबरोबर करा. सोबत प्रश्नावली आणि मार्गदर्शकांचं पत्र जोडा. गणेश चवथीची सुट्टी, सत्र परीक्षा आणि बोर्डाचे दिवस वजा केले की शाळांत जायला सलग आठवडे फार थोडे उरतात.

प्रश्न : नोकरी करत पीएचडी करता येते का? आणि परराज्यातल्या विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र मडगावात आहे, तिथे एमए घेतलं तर?

अंशकालीन पीएचडीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत परवानगी आहे. संस्थेचं ना हरकत पत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: परवानगी दिली आहे, कामातून संशोधनाला वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी मोकळं केलं जाईल. ‘हरकत नाही’ एवढंच लिहिलेलं पत्र परत येतं. किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत मिळू शकते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडी मान्य नाही, जाहिरात कितीही आकर्षक असो. शिक्षणशास्त्राची नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देणार असाल, तर शैक्षणिक व्यवस्थापन, प्रशासन आणि नेतृत्व हा तिच्यातला नववा घटक आहे.

मडगावातल्या केंद्राबाबत: राज्य विद्यापीठाला दूरशिक्षणाची केंद्रं आपल्या राज्याच्या हद्दीबाहेर चालवता येत नाहीत, फ्रँचायझी तर अजिबातच नाही. ऑनलाइन पदवीला ही हद्द लागू नाही, मात्र त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी यूजीसीची मान्यता हवी. आधी डिजिलॉकरवर एबीसी आयडी (श्रेयांक जमा ठेवण्याच्या खात्याचा क्रमांक), मग यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या पोर्टलवर डीईबी आयडी, आणि त्यानंतर विद्यापीठाचा अर्ज, असा क्रम आहे. जे केंद्र डीईबी आयडी न मागता पैसे घेतं, तिथून परत फिरा.

प्रश्न : मुलीला परदेशात उच्च शिक्षण प्रशासनात डॉक्टरेट करायची आहे. तिथे पीएचडी आणि एडडी असे दोन प्रकार दिसतात. परत येऊन गोव्यात नोकरी करायचा विचार आहे. (सासष्टी)

एडडी ही चालत्या नोकरीतल्या शिक्षक-प्रशासकांसाठीची व्यावसायिक डॉक्टरेट. तिच्यात स्वतःच्या संस्थेतला एखादा प्रश्न सोडवण्यावर भर असतो. पीएचडी नवं ज्ञान उभं करण्याकडे झुकते. तिथेच प्रशासनात काम करायचं असेल तर एडडी उत्तम. परत येणार असेल तर पीएचडी घ्यावी, कारण आपल्या जाहिरातींत ‘पीएचडी’ हाच शब्द असतो आणि एडडी तिच्या जागी धरली जाईल हे गृहीत धरण्यात जोखीम आहे. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी यूजीसीची २०२५ ची स्वतंत्र नियमावली आहे. गुणपत्रकं, अभ्यासक्रमाचा तपशील, प्रत्यक्ष हजर राहून शिकल्याचा आणि कालावधीचा दाखला, हे तिथून निघण्याआधीच घ्यावं.

पत्र सासष्टीतून आलं आहे आणि तिथल्या अनेक घरांत पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघतो, म्हणून एक गोष्ट जोडतो. शुल्क आणि व्हिसाच्या सोयीसाठी पोर्तुगीज नागरिकत्व घ्यायचा विचार घरात चालू असेल, तर ते स्वेच्छेने स्वीकारताच १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड हाती आलं तरी त्याच्या आधारावर सरकारी नोकरीचा हक्क मिळत नाही. शासकीय महाविद्यालय हे उद्दिष्ट असेल, तर आधी शिष्यवृत्त्यांची यादी काढून अर्ज करा आणि पासपोर्टचा निर्णय त्यानंतर घ्या.